एक वेष्टन, एक मागणी: प्राण्यांच्या जिवावर उठलेल्या पॅकिंगविरुद्ध मोहीम कशी उभारायची

ब्रिटनमध्ये मॅकडोनाल्ड्सच्या मॅकफ्लरी आइस्क्रीमच्या कपाला पूर्वी एक झाकण असायचं आणि त्या झाकणाला मोठं भोक. रस्त्याकडेला फेकलेल्या कपात उरलंसुरलं चाटायला हेजहॉग हा छोटा काटेरी प्राणी डोकं आत घालायचा. डोकं आत सहज जायचं, पण मागे सरताना अंगावरचे काटे भोकाच्या कडेला अडकायचे आणि प्राणी तसाच उपाशी मरायचा. ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्व्हेशन सोसायटी या संस्थेने कित्येक वर्षं हा एकच मुद्दा लावून धरला, आणि २००६ मध्ये कंपनीने भोक लहान केलं. मागणी ‘प्लॅस्टिकमुक्त देश’ अशी असती तर तिला उत्तर देणारा कोणी सापडलाच नसता.

नव्या गटांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. पहिल्याच बैठकीत पिशव्या, बाटल्या, स्ट्रॉ, थर्माकोल, पाऊच सगळं फळ्यावर लिहिलं जातं. एक ना धड भाराभर चिंध्या. सहा महिन्यांनी हातात चार साफसफाईचे फोटो उरतात आणि निम्मी माणसं गळालेली असतात. म्हणून हा लेख एका वेळी एकच वेष्टन धरून चालतो: ते निवडायचं कसं, त्याविरुद्ध पुरावा कसा जमवायचा, बदल कोणाकडे मागायचा आणि बदल झाला हे सिद्ध कसं करायचं.

पायरी १: वस्तूपेक्षा आकाराकडे पाहा

प्राण्याला मारतो तो बहुतेक वेळा वस्तूचा आकार. प्लॅस्टिक कोणतं आहे हा प्रश्न त्यानंतरचा. पॅकिंगमध्ये चार आकार धोक्याचे.

पहिला वेढा. खोकी बांधायच्या पट्ट्या, कॅन एकत्र धरणाऱ्या कड्या, रबरी पट्टे, बरणीच्या झाकणाखाली उरणारी गोल पट्टी. सील आणि सी लायन या समुद्रात राहणाऱ्या सस्तन प्राण्यांची पिल्लं खेळता खेळता वेढ्यात डोकं घालतात. अंगावरचे केस मागच्या दिशेला झुकलेले असल्यामुळे वेढा मागे सरकतो, पुढे येत नाही. पिल्लू वाढतं, पट्टी वाढत नाही, ती मानेत रुतत जाते. अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यांवर २००० ते २००७ या काळात अडकलेले ३८६ स्टेलर सी लायन नोंदले गेले. गळ्यात काय आहे हे जिथे ओळखता आलं, तिथे ५४ टक्के वेळा ती पॅकिंगची पट्टी होती आणि ३० टक्के वेळा रबरी पट्टा.

दुसरा आकार अरुंद तोंडाचा: बरण्या, कप, डबे. आत खाण्याचा वास आणि तोंड डोक्याएवढंच. तिसरा पातळ फिल्म: पिशव्या, रॅपर, पाऊचचे तुकडे. जपानमधल्या नारा येथे २०१९ मध्ये काही महिन्यांत १४ हरणं मेली आणि त्यातल्या ९ हरणांच्या पोटात प्लॅस्टिक निघालं. एकाच्या पोटात ४.३ किलो. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पहिल्या पोटात फिल्म गोळा होते. ती पुढेही सरकत नाही, उलटीवाटेही येत नाही. पोट भरल्यासारखं वाटतं आणि प्राणी खाणं सोडतो. चौथा आकार सुट्या लहान भागांचा: टोपणं, पाऊचचे फाडलेले कोपरे, सील. हे पक्षी गिळतात आणि पिल्लांनाही भरवतात.

जास्त सापडणारी वस्तू जास्त मारते असं मात्र नाही. समुद्रपक्ष्यांवरच्या २०१९ च्या एका अभ्यासात कडक प्लॅस्टिकच्या तुकड्यापेक्षा फुग्याचा मऊ तुकडा गिळल्याने मृत्यू येण्याची शक्यता ३२ पट निघाली. त्यामुळे किनाऱ्यावर हजार टोपणं आणि दहा न कापलेल्या पट्ट्या सापडल्या, तर मोहीम टोपणांचीच करायची असं ठरवून टाकू नका.

पायरी २: मोजणी

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या. पुढच्या सगळ्या बोलण्याचं वजन या तक्त्यावरून ठरतं.

किनारा, नदीकाठ, रस्त्याची कड किंवा जंगलातली पायवाट, कुठलीही एक जागा घ्या आणि तिथला १०० मीटरचा पट्टा आखा. सुरुवात आणि शेवट अशा खुणांनी ठरवा ज्या वर्षभर हलणार नाहीत: खांब, मोठा खडक, पुलाचा कठडा. मोबाइलवर दोन्ही टोकांची जागा नोंदवून ठेवा. रुंदीही ठरवून घ्या. किनाऱ्यावर पाण्याच्या रेषेपासून झाडोरा सुरू होईपर्यंत, रस्त्यावर कडेपासून दोन मीटर. एकदा ठरलं की कचरा कितीही खुणावत असला तरी पट्ट्याबाहेरचं मोजायचं नाही. उचलायचं असेल तर वेगळ्या पोत्यात उचला.

तीन माणसं पुरतात. दोघं नागमोडी चालत उचलतात, तिसरा फक्त लिहितो. लिहिणाऱ्याने उचलायला वाकू नये. नोंदी गळतात त्या तिथेच. दीड तासाच्या वर एक फेरी नेऊ नका, नजर थकते आणि शेवटच्या वीस मीटरमध्ये कचरा कमी ‘दिसू’ लागतो.

अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडे सोडून द्या, नाहीतर एकाच फाटक्या पिशवीचे चाळीस तुकडे चाळीस वस्तू होऊन बसतात. टोपणं, सील आणि वेढे मात्र कोणत्याही मापाचे असले तरी मोजा. फाटकी पिशवी कधी ‘एक’ धरायची तेही आधीच ठरवा. पिशवीचा कान किंवा छापील नाव शाबूत असेल तरच एक, हा नियम बरा चालतो.

प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ. नमुना असा:

«फेरी ३. खूण १ ते २. पॅकिंग पट्टी, पांढरी, न कापलेला वेढा, आतला व्यास २३ सेंमी. छापील मजकूर नाही. चावल्याच्या खुणा नाहीत. फोटो १७.»

«फेरी ३. खूण २ ते ३. चिप्सचं रॅपर, अख्खं, एक बाजू फाडलेली. कंपनीचं नाव वाचता येतं. पॅकिंगची तारीख वाचता येते. कडेला त्रिकोणी चावे, दोन ठिकाणी. फोटो १८, १९, २०.»

पॅकिंगची तारीख लिहायला लोक विसरतात. ती लिहाच. शेवटच्या पायरीत तिचा खरा उपयोग आहे.

फोटो तीन हवेत: वस्तू जशी सापडली तशी, मग शेजारी मोजपट्टी ठेवून, मग छापील मजकूर जवळून. चांगला फोटो यावा म्हणून वस्तू पक्ष्याच्या घरट्याजवळ सरकवून ठेवण्याचा मोह होतो. असा एक फोटो उघडकीला आला की बाकीचे दोनशे खरे फोटो वाया गेले. वेढ्याची नोंद झाली की तो तिथल्या तिथे कापून टाका.

आता सर्वात महत्त्वाचं. पहिल्या फेरीचा आकडा मोहिमेत वापरू नका. त्यात वर्षानुवर्षं साठलेला माल असतो. पहिल्या फेरीत पट्टा पूर्ण साफ करा, ठरावीक दिवसांनी, समजा २८, परत या आणि जे नव्याने आलं ते मोजा. हा झाला ‘२८ दिवसांत येणारा कचरा’. अशा निदान तीन फेऱ्या झाल्याशिवाय बाहेर आकडा सांगू नका. मधल्या काळात पूर, वादळ, जत्रा किंवा सरकारी सफाई झाली असेल तर तेही तक्त्यात लिहा, कारण समोरचा पहिला प्रश्न तोच विचारणार.

नाव वाचता न येणाऱ्या वस्तू भरपूर निघतील. ८४ देशांतल्या स्वयंसेवकांनी २०१८ ते २०२२ या काळात १८ लाखांहून जास्त वस्तू तपासल्या, त्यातल्या साधारण निम्म्यांवर कोणाचंच नाव नव्हतं. तुमच्याकडेही तसंच झालं तर मोजणी बिघडली असं समजू नका. रंगावरून अंदाजाने कंपनीचं नाव मात्र लिहू नका.

मोजणीचा उपयोग होतो का, असं कोणी विचारलंच तर युरोपीय संघाचा २०१९ चा एकदा वापरायच्या प्लॅस्टिकविषयीचा निर्देश दाखवा. किनाऱ्यांवर मोजलेल्या कचऱ्यात सर्वाधिक सापडणाऱ्या १० वस्तू त्यात निवडल्या गेल्या. मासेमारीच्या सामानासह या वस्तू समुद्री कचऱ्याच्या ७० टक्के भरत होत्या.

पायरी ३: प्राण्यांचा पुरावा, आणि काय करायचं नाही

कचरा मोजला म्हणजे इजा सिद्ध झाली असं होत नाही. त्यासाठी जवळचं वन्यजीव उपचार केंद्र, पशुवैद्य, प्राणिमित्र संस्था आणि वनखातं यांच्याकडे जा. ‘प्लॅस्टिकच्या केसेस आहेत का’ असं ढोबळ विचारलं तर ‘हो, पुष्कळ’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: गेल्या तीन वर्षांत डोकं बरणीत अडकलेले किती प्राणी आले, गळ्यात किंवा पायात वेढा असलेले किती, शवविच्छेदनात पोटात फिल्म किती जणांच्या निघाली. प्राण्याची जात, महिना आणि वस्तू एवढं मिळालं तरी पुरे. नावं, पत्ते मागू नका.

घरट्यांमध्ये प्लॅस्टिक किती आहे हे पाहायचं असेल तर विणीचा हंगाम संपल्यावर, रिकामी घरटी, आणि नियमानुसार लागणारी परवानगी घेऊनच. मेलेल्या प्राण्याला हात लावायचा नाही. लांबून फोटो, जागेची नोंद, संबंधित खात्याला फोन. रेबीज आणि बर्ड फ्लू दोन्ही गमतीचे विषय नाहीत.

जिवंत प्राणी अडकलेला दिसला तर आधी कुत्री आणि बघे लांब करा, मग बचाव पथकाला फोन करा आणि ते येईपर्यंत लांबून नजर ठेवा. बरणी ओढून काढायला जाऊ नका. घाबरलेला प्राणी पळतो आणि रस्त्यावर किंवा पाण्यात जातो. सील किंवा कासवाच्या अंगातली लोंबणारी दोरी वरवर कापून त्याला पाण्यात ढकलू नका. आत रुतलेला भाग तसाच राहतो आणि पथकाला तो प्राणी पुन्हा सापडत नाही. लहान पक्षी पथकानेच पकडायला सांगितला तर हलक्या कापडाने झाका आणि हवेची भोकं असलेल्या अंधाऱ्या खोक्यात ठेवा. पाणी पाजू नका, दाणे भरवू नका.

पायरी ४: निर्णय कोणाच्या हातात आहे

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार मोहिमांमध्ये सर्रास होतो. दुकानदारासमोर घोषणा द्यायच्या आणि वस्तू मात्र कारखान्यातून बंद होऊन आलेली. ढोबळ वाटणी अशी: कॅरीबॅग, काउंटरवर गुंडाळायची फिल्म आणि सुटे स्ट्रॉ दुकानदार ठरवतो. खोक्यांच्या पट्ट्या आणि मालाभोवतीचा रॅप गोदाम किंवा वितरक. बाटली, झाकण, पाऊच, कड्या कंपनीचा पॅकिंग विभाग. कचरापेटीला झाकण असावं का, बाजाराची किंवा मेळ्याची परवानगी कोणत्या अटींवर द्यावी, हे स्थानिक प्रशासन.

नव्या गटाने पहिली मोहीम दुकानदार किंवा गोदामाच्या पातळीवरची घ्यावी. तिथे निर्णय घेणारा माणूस समोर भेटतो आणि दोन-तीन महिन्यांत निकाल कळतो. कंपनीच्या मुख्यालयाशी दोन हात करायला वर्षं जातात. त्यासाठी लागणारी माणसं पहिल्या यशानंतरच टिकतात.

गट पाच ते सात जणांचा पुरतो. एकाने मोजणी सांभाळायची, एकाने फोटो आणि नोंदी जपायच्या, दोघांनी भेटीगाठी, एकाने पत्रव्यवहार. ‘सगळ्यांनी सगळं करूया’ म्हटलं की पत्र कोणीच लिहीत नाही.

पायरी ५: मागणी घडवणं आणि पर्याय पारखणं

मागण्यांना एक उतरंड आहे. वरून खाली: वेष्टन काढूनच टाकणं, ते परत भरून वापरणं, आकार बदलणं, सुटा भाग जोडून ठेवणं आणि सर्वात शेवटी इशारा छापणं. जमेल तितकं वरचं मागा. अमेरिकेत योप्ले दह्याचा वर निमुळता कप स्कंक नावाच्या प्राण्यांसाठी सापळा ठरत होता, तेव्हा कपावर ‘टाकण्याआधी चुरगळा’ अशा अर्थाची सूचना आली. सूचना पाळणारा एकेक माणूस लागतो. आकार एकदा बदलला की बेफिकीर माणसाच्या हातूनही इजा होत नाही. टोपण बाटलीलाच जोडून ठेवण्याची युरोपीय संघाची सक्ती तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या बाटल्यांना ३ जुलै २०२४ पासून लागू झाली. ती या उतरंडीतली मधली पायरी.

‘विघटनशील’ हा शब्द मागणीत घालताना दहा वेळा विचार करा. कॅनच्या सहा कड्यांचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा केला की या कड्या विघटनशील असाव्यात. उन्हात ठिसूळ होणाऱ्या कड्या आल्या. पण ठिसूळ व्हायला ऊन आणि वेळ लागतो, तोवर ती धडधाकट कडीच असते आणि नंतरही तिचे तुकडे उरतात. ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्राच्या पाण्यात राहूनही सामान उचलत होती. ‘कंपोस्टेबल’ शिक्क्याचाही अर्थ मर्यादित आहे. युरोपातलं ईएन १३४३२ हे मानक औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पासाठी आहे, जिथे तापमान ५८ अंशांच्या आसपास राखलं जातं. गटारात, नदीत किंवा कासवाच्या पोटात ती परिस्थिती नसते.

जाडीच्या नियमातही पळवाट असते. कॅलिफोर्नियाने पातळ पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या ‘पुन्हा वापरायच्या’ म्हणून काउंटरवर आल्या आणि लोकांनी त्याही एकदा वापरून फेकल्या. ती पळवाट बंद करायला २०२४ मध्ये नवा कायदा करावा लागला. आगीतून फुफाट्यात जायचं नसेल तर मागणीत जाडी लिहू नका, वस्तूच लिहा.

पर्याय समोर आला की तीन गोष्टी स्वतः करून पाहा. कागदी कप किंवा पिशवी कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि नखाने सोला. आतून पारदर्शक पापुद्रा सुटला तर कागदामागे प्लॅस्टिकच आहे. पर्यायी वेष्टन नेहमीच्या वजनासह आठवडाभर वापरून पाहा: ओल, तेल, रचून ठेवलेल्या थराचं ओझं. आणि त्याच्या दोऱ्या, कान, कड्या पाहा, कारण कापडी पिशवीचा लांब नायलॉन बंदही वेढाच असतो. खोक्यांच्या पट्टीला ओल्या डिंकाची कागदी चिकटपट्टी चालते, पण दमट गोदामात आणि जड मालाला ती सुटते. तिथे ‘पट्टी खोलताना कापूनच टाकायची’ ही मागणी जास्त व्यवहार्य. अंटार्क्टिक सागरी जीवसंपदेसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० च्या दशकात दोन्ही केलं: आमिषाच्या खोक्यांवर प्लॅस्टिक पट्टी बंद, आणि इतर पट्ट्या काढल्यावर वेढा राहणार नाही अशा कापायच्या.

स्ट्रॉची मोहीम असेल तर सरसकट बंदी मागू नका. काही अपंग आणि आजारी माणसांना वाकणारा स्ट्रॉ लागतोच. ‘मागितल्याशिवाय देऊ नये’ एवढी मागणी पुरते.

पायरी ६: पत्र आणि भेट

पत्र एका पानाचं. त्यात आकडा, इजा, एक मागणी, पर्याय आणि उत्तराची तारीख. भाषणबाजी नको. उदाहरणार्थ:

«विषय: गोदामातल्या प्लॅस्टिक पट्ट्या कापून टाकण्याबाबत.

महोदय/महोदया,
आपल्या गोदामामागच्या ओढ्याकाठी १०० मीटरच्या पट्ट्यात आम्ही दर २८ दिवसांनी मोजणी करतो. गेल्या तीन फेऱ्यांत न कापलेल्या ४१ पॅकिंग पट्ट्या सापडल्या. त्यांचा आतला व्यास १५ ते ३० सेंमी आहे. एवढ्या वेढ्यात कोल्हा, कुत्रा, बगळा अडकू शकतो. उपचार केंद्राकडे नोंदलेल्या तीन घटना सोबत जोडल्या आहेत.
आमची विनंती एकच आहे: खोकं उघडताना पट्टी एका जागी कापावी आणि झाकणाच्या पेटीत टाकावी. खोकं उघडण्याच्या जागी भिंतीला बांधलेली कात्री आणि एक झाकणाची पेटी यासाठी पुरेल. दोन्ही बसवून द्यायला आम्ही तयार आहोत.
आपण २१ दिवसांत कळवावं. भेटीसाठी वीस मिनिटं दिलीत तर नमुने घेऊन येऊ.»

हे आकडे नमुन्यापुरते. तुमच्या तक्त्यातले घाला. ‘सापडलेल्या पट्ट्या आपल्या गोदामातल्या आहेत’ असं या पत्रात कुठेच म्हटलेलं नाही, हे पाहून ठेवा. छापील नाव नसेल तर मालकी लादू नका. नाव असेल तरी ‘अमुक नावाची ३० रॅपर सापडली’ इतकंच लिहा. ‘अमुक कंपनी नदी विषारी करते’ असं लिहिलं की चर्चा कचऱ्यावरून बदनामीच्या नोटिशीवर जाते.

भेटीला दोघांनी जा. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. सापडलेले नमुने धुऊन, वाळवून पारदर्शक डब्यात न्या. घाण वास आला की समोरच्याचं लक्ष घड्याळाकडे जातं. चार उत्तरं हमखास येतात. ‘टाकतो तो ग्राहक’: खरं आहे, पण टाकलेल्या वस्तूचा आकार कोणी ठरवला? ‘हे रिसायकल होतं’: तळाशी बाण आणि आकडा असतो तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, ही खूण १९८८ पासून आहे, इथे ते गोळा कोण करतं आणि कुठे जातं, तेवढं विचारा. ‘खर्च वाढेल’: नगामागे किती, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ‘वरून ठरतं’: मग वरच्याचं नाव आणि पद घ्या. चौथं उत्तर खरं तर सर्वात उपयोगी.

त्याच संध्याकाळी, काय ठरलं ते चार ओळींत मेलने पाठवा. तोंडी ‘बघतो’ हे दुसऱ्या दिवशी विसरलं जातं.

दुकानं अनेक असतील तर तारीख सगळ्यांना एकच ठेवा. इंग्लंडमधल्या मॉडबरी गावातल्या दुकानदारांनी २००७ मध्ये प्लॅस्टिक पिशव्या एकाच दिवसापासून बंद केल्या. एकट्याने बंद केलं तर गिऱ्हाईक शेजारी जाईल ही भीती प्रत्येकाला असते, आणि ती रास्त आहे.

पायरी ७: उत्तर आलं नाही तर

२१ दिवसांनी आठवण, आणखी १४ दिवसांनी वरच्या अधिकाऱ्याला प्रत. त्यानंतरच लोकांसमोर जा. रिकामी, धुतलेली वेष्टनं ग्राहकांनी कंपनीला परत पाठवणं हा जुना आणि अजूनही चालणारा मार्ग. प्रत्येक पाकिटात तेच एका ओळीचं पत्र असू द्या. सह्या गोळा करताना परिसर आणि ‘मी हे उत्पादन घेतो/घेते’ हा रकाना ठेवा. जगभरातल्या पाच हजार सह्यांपेक्षा त्याच भागातल्या तीनशे ग्राहकांच्या सह्या जड भरतात. वार्ताहराला आरोप पाठवू नका. तक्ता, तीन फोटो आणि पत्रव्यवहाराच्या तारखा पाठवा. शाळकरी मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत.

ज्या कंपनीकडे मागणी आहे तिच्याकडून टोप्या, टीशर्ट, सफाईचा खर्च काहीही घेऊ नका. सफाईचा फलक त्यांच्या नावाचा झाला की मोजणीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

पायरी ८: बदल खरंच झाला का

कंपनी किंवा दुकानदार ‘हो’ म्हणाला की गट विसर्जित होतो, आणि वर्षभरात ये रे माझ्या मागल्या. म्हणून तोच पट्टा, तीच रुंदी, तेच २८ दिवस, निदान सहा फेऱ्या. मोजताना दोन काळज्या घ्या.

एक: आपल्या वस्तूसोबत मोहिमेत नसलेली एक वस्तूही मोजत राहा, समजा बाटल्यांची टोपणं. पट्ट्या आणि टोपणं दोन्ही सारख्या प्रमाणात घटल्या तर श्रेय बहुधा सफाईचं किंवा कमी पावसाचं. पट्ट्याच घटल्या आणि टोपणं तेवढीच राहिली, तर मोहीम लागू पडली असं छातीठोकपणे म्हणता येतं.

दोन: पॅकिंगची तारीख. बदलानंतरही जुनी वेष्टनं महिनोन्‌महिने सापडत राहतात, कारण गोदामातला साठा संपायचा असतो आणि जुना कचरा वाहत येतच असतो. त्यामुळे सरसकट आकडा पाहून निराश होऊ नका आणि कंपनीवर खोटेपणाचा आरोपही करू नका. बदलाच्या तारखेनंतर पॅक झालेली वेष्टनं वेगळी काढा आणि जुन्या आकाराची त्यात किती आहेत ते पाहा. शून्य असतील तर शब्द पाळला. पाच असतील तर त्या पाचांचे बॅच क्रमांक लिहून पाठवा, कारण कोणत्या कारखान्यात जुना साचा अजून चालू आहे हे कंपनीला त्यावरूनच शोधता येतं. तारीख छापलेली नसेल, जशी पट्ट्यांवर नसते, तर कापलेल्या आणि न कापलेल्या अशा दोन रकान्यांत मोजा. एकूण संख्या तीच राहिली तरी न कापलेल्या घटल्या पाहिजेत.

सहा फेऱ्यांनंतर दर महिन्याची गरज नाही, वर्षातून दोन पुरतात. पण त्या सोडू नका. पुरवठादार बदलला, नवा व्यवस्थापक आला, कात्री हरवली की जुनं पॅकिंग गुपचूप परत येतं. तक्ते, मूळ फोटो, पत्रांच्या प्रती आणि पट्ट्याच्या खुणांचा नकाशा दोन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा, आणि पुढच्या फेरीची तारीख तक्त्याच्या वरच लिहून ठेवा.